नागपूर ते पारो: तिकिटाची सुरुवात शेवटाकडून

आज बोलूया भूतानच्या विमानप्रवासाबद्दल.

आमच्या घरी ऑक्टोबरचा बेत सुरू आहे. मी, बहीण आणि आई-बाबा. बाबा यंदा रिटायर झाले. दोघांचाही हा पहिलाच विमानप्रवास. म्हणजे एखादं विमान चुकलं तर नुसते पैसे जाणार नाहीत, 'आता पुन्हा नको बाप्पा' हे आईचं वाक्यही कायमचं पक्कं होईल.

आपण नेहमी काय करतो? ॲप उघडतो, 'नागपूर' टाकतो आणि सगळ्यात स्वस्त फ्लाइट पकडतो. भूतानसाठी उलटं करा. आधी पारो ठरवा, मग नागपूर.

का? पारोचं विमानतळ सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे, आपल्या चिखलदऱ्याच्या जवळपास दुप्पट! अरुंद दरी, चारही बाजूंनी डोंगर. खास प्रशिक्षण घेतलेले वैमानिकच तिथे विमान उतरवतात, तेही दिवसाउजेडी आणि धावपट्टी डोळ्यांना दिसत असेल तरच. दुपारी दरीत वारा वाढतो, म्हणून बरीचशी उड्डाणं सकाळी असतात. विमानं मोजकी. ढग आडवे आले की वेळापत्रक सरकतं.

म्हणून मी आधी कोलकाता–पारोची तारीख धरली. नागपूरहून कोलकात्याला आदल्या दिवशी पोचायचं. त्यावर बाबा म्हणाले, "हॉटेलचे पैसे कायले घालवायचे? सकाळीच निघू ना!"

त्यांना मी सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. दोन वेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं असली, की पहिलं विमान लेट झाल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. कोलकात्यात बॅगा आपणच उचलायच्या, पुन्हा चेक-इन करायचं, मग इमिग्रेशन. पारोचं विमान सुटलं तर चार तिकिटं पाण्यात. त्यापेक्षा एका रात्रीची खोली स्वस्तच. बाबांना हिशेब पटला.

परतीलाही तेच. पारोहून निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा किंवा ऑफिस ठेवू नका. एक दिवस मोकळा सोडा.

आता कागदपत्रं. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण प्रवेश परवाना लागतो. त्यासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं, आधार चालत नाही. आमच्या आईच्या मतदार कार्डावर नावाचं स्पेलिंग वेगळं आणि आधारवर वेगळं. त्यामुळे तिकिटावर मतदार कार्डावरचंच नाव टाकायचं, अक्षर न अक्षर.

खर्चात भूतानचं शाश्वत विकास शुल्क धरा. भारतीय प्रौढाला एका रात्रीचे १,२०० रुपये. आमचे चौघांचे पाच रात्रींचे २४,००० झाले. हॉटेल, जेवण, गाडी वेगळी. हा आकडा घरी आधीच सांगा, तिथे पोचल्यावर नाही.

आणि ऑक्टोबरच का? पावसाळा ओसरलेला असतो, आकाश बरंच स्वच्छ असतं. म्हणजे विमान वेळेवर उतरण्याची शक्यता जास्त आणि खिडकीतून हिमालय दिसण्याचीही. खिडकीची सीट आईसाठी धरून ठेवली आहे. ती म्हणते, "मी डोळे मिटूनच बसणार." बघू!

तर क्रम लक्षात ठेवा: आधी पारोचं तिकीट, मग कोलकात्याचा मुक्काम, शेवटी नागपूरचं विमान. भेटू पुढच्या भागात!