दाहाचे संदेश आणि कर्करोगाचा फैलाव

कर्करोगाने दगावणाऱ्या बहुतेक रुग्णांचा जीव मूळ गाठीने जात नाही, तर तिच्यातून निसटून फुप्फुसात, यकृतात किंवा हाडांत रुजलेल्या पेशींनी जातो. या फैलावाला जखम भरून काढणाऱ्या दाहाचीच मदत होते. जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्खो यांना १८६३ मध्येच गाठींमध्ये पांढऱ्या रक्तपेशी आढळल्या होत्या. आज त्या पेशींचे संदेशही ओळखता येतात.

हे संदेश म्हणजे सायटोकाइन नावाची छोटी प्रथिने. जखम भरली की ती ओसरतात. गाठीत मात्र त्यांचा पाझर थांबत नाही. स्तन किंवा आतड्याच्या अस्तरातील पेशी ई-कॅडेरिन या प्रथिनाने एकमेकींना घट्ट धरून असतात. टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्युकिन-६ या सायटोकाइनांचा मारा चालू राहिला, की कर्कपेशीत ई-कॅडेरिन बनणे कमी होते, पकड सुटते आणि पेशी सरकू लागते. याच संदेशांमुळे भोवतालचे कोलॅजेनचे जाळे कापणारी विकरेही स्रवतात.

वाटाड्याचे काम करतात मॅक्रोफेज, म्हणजे एरवी जंतू गिळणाऱ्या पेशी. उंदरांच्या स्तनातील जिवंत गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना मॅक्रोफेज आणि कर्कपेशी यांची जोडी स्पष्ट दिसली. कर्कपेशी सीएसएफ-१ हा संदेश सोडते, मॅक्रोफेज तिच्याकडे ओढला जातो; तो ईजीएफ हा संदेश सोडतो, कर्कपेशी त्याच्यामागे जाते. असे एकमेकांना ओढत दोघे रक्तवाहिनीपर्यंत पोहोचतात आणि कर्कपेशी आत शिरते. शरीराचा पहारेकरीच असा फितवला जावा, ही या रोगातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट आहे.

पेशी कुठे रुजणार, हेही बऱ्याच अंशी संदेशांवर ठरते. स्तनाच्या कर्कपेशींवर सीएक्ससीआर-४ हा संदेश टिपणारा ग्राही असतो आणि त्याला जुळणारे सीएक्ससीएल-१२ हे संदेश-प्रथिन लसीका ग्रंथी, फुप्फुस, यकृत व अस्थिमज्जेत मुबलक असते, असे २००१ मध्ये दाखवले गेले. हा कर्करोग प्रामुख्याने तिथेच पसरतो.

मग हे संदेश अडवता येतील का? हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या कॅन्टॉस चाचणीत इंटरल्युकिन-१ बीटा हा दाहाचा संदेश रोखणारे कॅनाकिनुमॅब हे औषध वापरले होते. मोठी मात्रा घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू घटल्याचे २०१७ मध्ये दिसले, पण जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू किंचित वाढले. पुढे या कर्करोगाच्या रुग्णांवर घेतलेल्या मोठ्या चाचण्यांत त्या औषधाने आयुर्मान वाढले नाही.