हवेवर उभें राहिलेलें घर

रात्रीं निजतांना घर सरळ होतें आणि सकाळीं उठून पाहावें तों तें एका अंगास कललेलें आहे, असा अनुभव विटामातीच्या घरांत राहणाऱ्यास सहसा येत नाहीं. आलाच तर तो सांगावयास तो बहुधा उरत नाहीं. मोटारघरांत राहणाऱ्यास मात्र हा अनुभव येतो आणि एकदां येऊं लागला म्हणजे वारंवार येतो. मेजावरचा चहाचा पेला आपोआप कडेला सरकतो, लावून घेतलेलें कपाटाचें दार पुन्हां उघडतें, मोरींतलें पाणी नळीकडे न जातां कोपऱ्यांत तळें करून बसतें. घरधनी खालीं उतरून पाहतो तों मागील उजवें अंग चार बोटें खालीं आलेलें. रात्रभरांत हवा निसटलेली असते. ती कोठून निसटली हें शोधून काढण्याची विद्या हा आजचा विषय आहे. ही विद्या दिसते तितकी क्षुल्लक नाहीं. तिच्यांत हयगय झाली तर माणूस गाडीखालीं चिरडला जातो.

अमेरिकेंत अशीं चाकांवरचीं घरें पुष्कळ आहेत. शयनगृह, स्वयंपाकघर, न्हाणीघर, सारें एकाच गाडींत असतें. त्यांपैकीं एक नमुना विशेष प्रसिद्ध आहे. जनरल मोटर्सच्या जी. एम. सी. शाखेनें तो १९७३ पासून १९७८ पर्यंत काढला. २३ फूट व २६ फूट अशा दोन लांबींच्या मिळून सुमारें तेरा हजार गाड्या तयार झाल्या. ॲल्युमिनियम व फायबरग्लास यांचें आंग, मोठाल्या कांचा, आणि जमिनीलगतचा तळ. हा तळ इतका खालीं आणतां आला याचें कारण असें कीं, या गाडीचें इंजिन पुढच्याच चाकांस फिरवतें. मागच्या चाकांस फिरवण्याचें काम नसल्यामुळें या बाजूपासून त्या बाजूपर्यंत जाणारा जाडजूड आंस मागें ठेवावा लागला नाहीं. मागें दोन्ही बाजूंस एकापाठीमागें एक अशीं दोन दोन चाकें आहेत. मधल्या खुंटापासून एक लोखंडी हात पुढें जातो, दुसरा मागें जातो, आणि या दोन हातांच्या बेचक्यांत रबराची एक जाड पिशवी आडवी बसविलेली असते. चाक उंचवट्यावर चढलें कीं हात पिशवीस दाबतो. पिशवींतली हवा दबते आणि पुन्हां फुलते. गाडीच्या मागच्या भागाचें सारें ओझें अशा दोन पिशव्यांवर आहे.

पोलादी पाटे सोडून हवेच्या नादीं लागण्याचें कारण काय, असा प्रश्न कोणीही करील. त्याचें उत्तर घराच्या स्वभावांत आहे. घराचें वजन स्थिर नसतें. आज पाण्याची टांकी भरलेली, उद्यां रिकामी. आज पाहुणे आलेले, उद्यां गेलेले. पोलादी पाटा ओझ्यानें वांकतो तो वांकूनच राहतो आणि ओझें उतरलें म्हणजे ताठरतो, मग आंतली भांडीं खणखणतात. हवेच्या पिशवींत ओझें वाढलें तर थोडी हवा भरावी, कमी झालें तर थोडी सोडावी. उंची तीच राहते आणि मऊपणाही राहतो. या गुणामुळें १९५३-५४ च्या सुमारास जनरल मोटर्सनेंच आपल्या दूरच्या पल्ल्याच्या बसगाड्या हवेवर बसविल्या होत्या. मुंबई-पुणें रस्त्यावर ‘शिवनेरी’च्या व्होल्वो गाडींतून ज्यांनीं प्रवास केला, त्यांनीं हें हवेचें सुख घेतलेलेंच आहे. जी. एम. सी. च्या मोटारघरांत आणखी एक सोय होती. मुक्कामाची जमीन उंचसखल असली तर चालकानें बसल्या जागीं कळ दाबून मागचें एकेक अंग वर किंवा खालीं करावें आणि घर पाणसळींत आणावें. हा केवळ शोक नव्हे. मोटारघरांतील ज्या शीतपेट्या गॅसच्या ज्योतीवर चालतात, त्यांतील अमोनियाचा द्रव स्वतःच्या वजनानें उतारावरून वाहतो. घर फार कललें तर तो वाहावयाचा थांबतो, आणि दूध नासतें.

आतां गळतीकडे वळावयाचें. येथें पहिली फसगत होते ती दाब मोजण्याच्या घड्याळामुळें. पुष्कळ मालक रात्रीं दाब पाहतात, सकाळीं पुन्हां पाहतात, कांटा जवळजवळ जागच्या जागीं दिसतो, आणि हवा गेलीच नाहीं असें समजतात. पण पिशवीची धारणशक्ति म्हणजे आंतला दाब गुणिलें तिचें क्षेत्रफळ. दर चौरस इंचास १०० पौंड दाब आणि ४० चौरस इंच क्षेत्रफळ असेल तर ती ४००० पौंड पेलते. वरचें ओझें रात्रींतून बदलत नाहीं, मग दाब तरी कां बदलावा? थोडी हवा निसटली कीं ओझें खालीं सरकतें, उरलेल्या हवेस तितकेंच दाबून धरतें, आणि कांटा स्थिर राहतो. गळती कांट्यावर दिसत नाहीं, ती उंचीवर दिसते. कांटा घसरतो तो गाडी अगदीं तळास टेकल्यावर, आणि तेव्हां तो पाहण्यांत कांहीं अर्थ नसतो.

म्हणून शोधाचें पहिलें साधन म्हणजे शिंप्याची टेप. गाडी सपाट जागीं उभी करावी, यंत्र बंद करावें, प्रत्येक चाकावर आंगास खडूनें खूण करून जमिनीपासूनची उंची कागदावर लिहून ठेवावी आणि सकाळीं पुन्हां मोजावें. यांतही एक फसवी गोष्ट आहे, ती म्हणजे थंडी. अ‍ॅरिझोना संस्थानांत क्वार्ट्झसाइट या वाळवंटी गांवीं हिवाळ्यांत मोटारघरांची मोठी जत्राच भरते. वाळवंटांत दुपारीं २५ अंश सेल्सिअस ऊन आणि पहाटे ५ अंश गारवा, असा फरक पडला तर पिशवींतली हवा गळतीवांचूनच सुमारें ७ टक्के आकसते आणि गाडी थोडी बसते. मात्र थंडी पक्षपात करीत नाहीं, ती दोन्ही बाजूंस सारखी लागते. एकच बाजू बसली असेल तर थंडीस दोष देऊन भागणार नाहीं.

दुसरी आणि अधिक मोठी फसगत कॉम्प्रेसरची आहे. हवा कमी पडली कीं हें छोटें विजेचें यंत्र आपण होऊन चालूं होतें, उणीव भरून काढतें आणि गप्प बसतें. मालकास वाटतें, सर्व ठीक आहे. प्रथम तें रात्रींतून एकदां गुरगुरतें. कांहीं महिन्यांनीं तासातासाला. पुढें घरांतल्या मंडळींस त्या आवाजाची इतकी सवय होते कीं तो ऐकूंच येत नाहीं. आणि एके दिवशीं अतिश्रमानें कॉम्प्रेसर जळतो किंवा विजेची बॅटरी रिती होते, आणि महिनोन् महिने झांकून राहिलेली गळती एका रात्रींत उघडी पडते. दोष तर जुनाच असतो. जळला तो त्याची सेवा करणारा प्रामाणिक नोकर. यास्तव उंची मोजण्यापूर्वी कॉम्प्रेसरची वीज तोडून ठेवणें अवश्य आहे. त्याच्या चालूं असण्यांत केलेलें मोजमाप व्यर्थ होय.

कोणती बाजू बसते हें ठरलें म्हणजे साबणाच्या पाण्याचें काम येतें. सायकलची ट्यूब घमेल्यांतल्या पाण्यांत बुडवून बुडबुडे पाहणारा पंक्चरवाला याच शास्त्राचा पंडित आहे. मोटारघर घमेल्यांत बुडवतां येत नाहीं, एवढाच फरक. दाट फेंसाचें पाणी कुंचल्यानें एकेका सांध्यावर लावावें आणि घाई न करितां थांबावें. बारीक गळतीचा फेंस मिनिटभरानें फुगतो. पाहण्याच्या जागा थोड्या आहेत. नळ्यांचे सांधे हे मुख्य अपराधी. त्यानंतर लोखंडी कडेला घांसून झिजलेली नळी. मग पिशवीची घडी, जेथें रबर वर्षानुवर्षें दुमडून भेगाळतें. मग उंची राखणारी झडप. ही झडप लबाड आहे. तिच्या बाहेरच्या सांध्यांवर फेंस येत नाहीं, कारण आंतली बैठक खराब होऊन हवा तिच्याच उत्सर्गाच्या तोंडानें निघून जाते. त्या तोंडावर फेंस धरल्याखेरीज चोरी पकडली जात नाहीं. हवेबरोबर येणारें पाणी हें या बैठका बिघडण्याचें एक कारण. सांठ्याच्या टांकींतलें पाणी वेळोवेळीं काढून टाकण्याचा कंटाळा पुढें असा महाग पडतो.

हें सर्व करितांना माणूस गाडीखालीं शिरतो, आणि येथें थोडें थांबून बोलणें भाग आहे. हवेवर उभी असलेली गाडी ही उभी असल्यासारखी दिसते इतकेंच. ज्या सांध्याची परीक्षा चालली आहे, तोच हाताच्या धक्क्यानें निखळला तर पिशवी क्षणांत रिकामी होते आणि काहीं हजार पौंडांचें घर खालीं येतें. माणसास अंग काढून घेण्यास वेळ मिळत नाहीं. जॅकवर भिस्त ठेवणें हेंही तसेंच धोक्याचें, कारण जॅकही घसरतो. गाडीच्या सांगाड्याखालीं, टणक जमिनीवर, भक्कम लोखंडी टेकू लावल्यावांचून डोकें आंत घालूं नये. घाईनें, ‘एकच सांधा पाहावयाचा आहे’ असें म्हणून शिरणारा मनुष्य बहुधा अनुभवीच असतो. नवशिक्यास भीति असते, ती त्यास तारते.

जी. एम. सी. च्या गाडीस एक दैव अनुकूल आहे कीं तिचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात. पिशवी फुटली तरी गाडी थांबवतां येते. आजच्या मोठ्या डिझेल मोटारघरांत तशी फारकत नसते. तेथें ब्रेक व पिशव्या यांस हवा पुरवणारा कॉम्प्रेसर एकच. अर्थात् पिशवीच्या गळतीनें ब्रेकची हवा सर्वस्वीं जाऊं नये म्हणून मध्यें रक्षक झडप असते, आणि सांठ्याचा दाब सुमारें ६० पौंडांपर्यंत उतरला कीं धोक्याची सूचना वाजते. आणखी खालीं गेला तर स्प्रिंगांचे ब्रेक आपोआप आंवळतात. अमेरिकेंत अवजड गाडीच्या चालकास परीक्षेंत एक कसोटी करून दाखवावी लागते: यंत्र बंद, ब्रेक सोडलेले, आणि एका मिनिटांत दाब २ पौंडांहून अधिक उतरतां कामा नये, ब्रेक दाबून धरला तर ३ पौंडांहून अधिक नाहीं. खासगी मोटारघराच्या मालकास हा परवाना बहुतेक ठिकाणीं लागत नाहीं, म्हणून ही कसोटीही तो करीत नाहीं. डोंगराचा घाट उतरण्यापूर्वीं ती दोन मिनिटें खर्च करण्यास त्यास कोणाचा मज्जाव मात्र नाहीं.

दुरुस्ती बहुधा स्वस्त असते. सांधा सोडून नळीचें टोंक सरळ कापून पुन्हां बसवावें, झिजलेली नळी बदलावी. भेगाळलेल्या पिशवीस मात्र ठिगळ लावण्याच्या भरीस पडूं नये. सायकलच्या ट्यूबचें शास्त्र येथें संपतें. दुरुस्तीनंतर कॉम्प्रेसरची वीज पुन्हां तोडून, खडूच्या त्याच खुणांपासून, आणखी एक रात्र उंची मोजावी. कारण एक गळती बुजल्यावर तिच्याआड लपलेली दुसरी पुष्कळदां हातीं लागते. जी. एम. सी. चे कारखान्यांतून निघालेले हे घर बंद होऊन पंचेचाळीसांहून अधिक वर्षें लोटलीं, तरी कित्येक अजून रस्त्यावर आहेत. त्यांचे मालक दूरच्या प्रवासास निघतांना एक जादा पिशवी बरोबर बाळगतात. कांहींनीं तर मूळची रचनाच बदलून प्रत्येक बाजूस एकीऐवजीं दोन पिशव्या बसविल्या आहेत, चाकागणिक एक. म्हणजे वाटेंत एक फुटली तरी त्या अंगाचें थोडें ओझें दुसरी धरून ठेवते, आणि पुढच्या गांवापर्यंत घर सांवकाश नेतां येतें.