पुन्हा पाठवण्याआधी विचारा



आज मी बोलणार आहे ते काळेवाडी, रहाटणी, थेरगावपासून भोसरी-चाकणपर्यंतच्या त्या मुलामुलींशी, ज्यांना कंपनीत कुणी प्रोग्रामर म्हणत नाही. हुद्दा डिस्पॅचचा, नाहीतर अकाउंट्सचा. पण शेठ एकदा म्हणाले, ‘अरे, हे रोज पोर्टलवर टाइप करणं बंद कर की,’ आणि तुम्ही व्हिडिओ बघून कामाला लागलात. कुणी एन-एट-एन घेतलं, कुणी नोड-रेड, कुणी पॉवर ऑटोमेट. चौकोन ओढले, रेघा जोडल्या. आता एक्सेलमध्ये ओळ पडली की एचटीटीपी रिक्वेस्टच्या चौकोनातून जीएसटीच्या ई-इनव्हॉइस पोर्टलकडे विनंती निघते, बिलाचा नोंदणी क्रमांक म्हणजे आयआरएन परत येतो, बिलावर क्यूआर कोड छापला जातो आणि टेम्पो चाकणच्या रस्त्याला लागतो. कोडची एक ओळ न लिहिता! कौतुक आहे तुमचं, अगदी मनापासून. ते इथेच संपवतो, कारण मला मिनिटं मोजून मिळाली आहेत आणि त्यात थोडं रागवायचं आहे.

हे लोण लहान वर्कशॉपपर्यंत का आलं ते तुम्हाला माहीत आहे. 1 ऑक्टोबर 2020 ला ई-इनव्हॉइस सुरू झालं तेव्हा ते 500 कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांपुरतं होतं. आपल्याकडे सगळे म्हणाले, मोठ्यांचं मोठ्यांपाशी. मग 100 कोटी, 50, 20, 10 असं उतरत उतरत 1 ऑगस्ट 2023 ला ते पाच कोटींवर येऊन ठेपलं. म्हणजे थेट आपल्या शेडच्या शटरपाशी. आणि शटरच्या आत आयटी खातं नसतं, तुम्ही असता.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. विनंती पाठवली आणि उत्तर आलं नाही, तर काम झालं नाही असं समजू नका. कदाचित झालं असेल. कदाचित नसेल. तुम्हाला ते ठाऊक नाही. आणि ठाऊक नसताना तीच विनंती डोळे मिटून पुन्हा पाठवायची नाही. आधी विचारायचं.

घरातलं उदाहरण घ्या. पाहुणे आलेत, साखर संपली आहे. तुम्ही धाकट्याच्या हातात चिठ्ठी देता: दोन किलो साखर द्या, खात्यावर मांडा. पोरगं गेलं. दहा मिनिटं झाली, वीस झाली, पत्ता नाही. तुम्ही काय करता? तशीच दुसरी चिठ्ठी लिहून थोरल्याला पिटाळता? घरी हे कुणी करत नाही. आई म्हणते, ‘अरे, आधी वाण्याला फोन करून विचार, पोरगं आलं होतं का.’ कारण साखर देऊन झालेली असते, खात्यावर मांडूनही झालेली असते, आणि आपले चिरंजीव परत येताना क्रिकेट बघत उभे असतात. काम झालं, निरोप तेवढा वाटेत अडकला. तुमच्या चौकोनात ‘टाइमआउट’ असं लाल अक्षरात उमटतं ना, ते म्हणजे हे क्रिकेट बघणारं पोरगं. वाण्याने नाही म्हटलेलं नाही! 504 आलं तरी तेच. मधल्या दाराला मागून वेळेत उत्तर मिळालं नाही, एवढंच ते सांगतं.

आणि तुम्ही काय केलेलं असतं? ‘रिट्राय ऑन फेल’ची खूण चालू. तीन वेळा, मध्ये एकेक सेकंद. म्हणजे घरातली तीन पोरं एकापाठोपाठ एक त्याच दुकानात. काही साधनं तर तुम्ही न सांगताच पुन्हा प्रयत्न करतात. पॉवर ऑटोमेट 408, 429 किंवा पाचशेच्या घरातलं उत्तर आलं की मूळच्या मांडणीत स्वतःच परत जातो. त्यामुळे ‘मी खूणच केली नव्हती’ हे म्हणणं चालणार नाही.

नुसती माहिती मागणारी गेट विनंती दहादा पाठवा, कुणाचं काही बिघडत नाही. वाण्याला भाव दहादा विचारला तर तो फार तर वैतागेल. पण पोस्ट म्हणजे ‘खात्यावर मांडा’. एचटीटीपीचं 2022 सालचं प्रमाण, आरएफसी 9110, हेच सांगतं: पुन्हा केल्याने परिणाम बदलत नाही अशी खात्री असल्याशिवाय, किंवा पहिली विनंती लागूच झाली नव्हती हे कळल्याशिवाय, ती आपोआप परत पाठवू नये. पण प्रमाण वाचतं कोण? आपण व्हिडिओ बघतो, आणि व्हिडिओत नेट कधी जात नाही. आपल्याकडे दुपारी वीज गेली की राउटर पहिला झोपतो.

आता ई-इनव्हॉइस बनवणाऱ्यांनी एक शहाणपण केलं आहे, ते नीट समजून घ्या. आयआरएन हा 64 अक्षरांचा आकडा हवेतून येत नाही. विक्रेत्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिल नंबर या चार गोष्टींतून तो काढतात. तेच चार पुन्हा पाठवले तर तोच आयआरएन निघतो. म्हणून दुसऱ्या वेळी पोर्टल 2150 हा कोड देऊन सांगतं, हे बिल आधीच नोंदलंय. आणि सोबत मूळ आयआरएनही देतं. वाणी म्हणतो, ‘काकू, या नंबरची चिठ्ठी मघाशीच आली, ही बघा नोंद.’ किती सरळ काम!

पण 2150 लाल अक्षरात दिसतं. मग काही शूर मंडळी बिल नंबरापुढे ‘ए’ लावतात आणि पुन्हा पाठवतात. ताबडतोब हिरवी खूण! टेम्पो सुटला, सगळे खूश. अरे बाबांनो, वाण्याने दिलेला इशारा तुम्ही चिठ्ठीचा नंबर बदलून खोडून टाकलात. आता एकाच मालाची दोन खरीखुरी बिलं तयार झाली, कर दोनदा दिसणार. रद्द करायला हातात 24 तास. त्या बिलावर ई-वे बिल चालू असेल तर आधी ते रद्द करा, आणि रस्त्यात अधिकाऱ्याने गाडी तपासली असेल तर तेही होत नाही. 24 तास उलटले की मग क्रेडिट नोट, आणि अकाउंट्सच्या मॅडमची ती नजर.

त्याहून वाईट म्हणजे ज्यांचा फ्लोच बिल नंबर पाडतो. प्रत्येक रनला पुढचा नंबर. म्हणजे प्रत्येक पोराच्या चिठ्ठीवर नवा नंबर, वाण्याला ओळखता येणारच कसं? तेव्हा हे लिहून घ्या. गाडी चालवत असाल तर नका लिहू, ऐका. बिल नंबर विनंती निघण्याच्या आधी पडलेला असला पाहिजे, शीटमध्ये लिहिलेला असला पाहिजे, आणि कितीही वेळा पाठवलं तरी तोच जायला पाहिजे.

शीटमध्ये आणखी एक रकाना करा. विनंती निघण्याआधी त्यात ‘पाठवतोय’ असं लिहायचं. उत्तर आलं की ‘मिळालं’ आणि शेजारी आयआरएन. वीज गेली, नेट गेलं, काहीही झालं, तरी संध्याकाळी ज्या ओळी ‘पाठवतोय’वर अडकलेल्या दिसतील तेवढ्यांचीच चौकशी. चौकशीची सोय आहे: बिलाचा प्रकार, नंबर आणि तारीख देऊन आयआरएन विचारता येतो. मात्र ही खिडकी थोडेच दिवस उघडी असते, तेव्हा चौकशी महिनाअखेरीवर टाकू नका. तुम्ही थेट न जाता जीएसटी सुविधा पुरवठादारामार्फत जात असाल, तर त्यांना स्पष्ट विचारा, ही चौकशीची विनंती तुमच्याकडे कोणत्या पत्त्यावर आहे. तो चौकोन आधी बनवा, पाठवण्याचा नंतर.

कुणी म्हणेल, पोर्टलच सांभाळून घेतंय तर तुम्ही एवढे का ओरडताय? कारण सगळे वाणी एवढे शहाणे नसतात. त्याच फ्लोमध्ये पुढे ग्राहक कंपनीच्या पोर्टलवर माल निघाल्याची सूचना जाते, टॅलीत नोंद पडते, ड्रायव्हरला व्हॉट्सॲप जातो. तिथे तुमचा नंबर ताडून पाहणारं कुणी असेलच असं नाही. दोन सूचना गेल्या की गेटवर सिक्युरिटी विचारणार, ‘दुसरी गाडी कुठंय?’ आणि आपला छोटा हत्ती उन्हात बाजूला. म्हणून म्हणतो, उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही असं नाही. मी हे तिसऱ्यांदा सांगतोय, माझ्या लक्षात आहे. तुमच्याही राहू दे.

याचंच दुसरं टोक म्हणजे उत्तर आलं पण वाचलं नाही. पोरगं परत आलं, पिशवी हातात आहे, तुम्ही खूश. पिशवीत साखरेऐवजी चिठ्ठी: ‘उद्या या.’ ई-इनव्हॉइसच्या उत्तरात ‘स्टेटस’ नावाची स्वतंत्र नोंद असते. 1 म्हणजे झालं, 0 म्हणजे नाही, आणि खाली काय चुकलं त्याचं कारण. तुमचा चौकोन मात्र उत्तर पोचलं एवढ्यावरच हिरवा होऊ शकतो. नोड-रेडमध्ये तर 401 आलं काय, 503 आलं काय, निरोप सरळ पुढच्या नोडकडे जातो. स्टेटस कोड बघायचं काम तुमचं. तेव्हा रिक्वेस्टच्या लगेच पुढे एक ‘इफ’ बसवा: स्टेटस 1 आहे का, आयआरएन खरंच 64 अक्षरांचा आहे का. नसेल तर छपाईकडे जाऊच द्यायचं नाही. गाडी दहा मिनिटं थांबली तर थांबू दे.

429 वेगळं हं. तिथे वाणी स्वच्छ सांगतो, ‘गर्दी आहे, थोड्या वेळाने ये.’ तिथे पुन्हा जायला हरकत नाही, पण दर वेळी थांबण्याचा वेळ वाढवत. आणि 401 असेल तर दहादा जाऊन उपयोग नाही, खातंच ओळखलेलं नाही, आधी टोकन बघा...

टोकनचं राहिलंच की. समोरून हात दाखवतायत, म्हणजे एकच मिनिट. ते टोकन सहा तास चालतं. दर बिलाला नवं मागू नका, एकदा घेऊन जपून ठेवा आणि संपत आलं की मगच बदला. आणि ते टोकन, तो पासवर्ड, चौकोनात उघडा लिहून त्याचा फोटो मदतीसाठी ग्रुपवर टाकायचा, ही जी सवय आहे ना, तिच्यावर मला खरं तर पुष्कळ... नाही, वेळ संपली. जेवणाच्या सुट्टीत तेवढी ती रिट्रायची खूण बघून घ्या.