टेलिफोनवरील परिचारिका

अमेरिकेंतील एखाद्या गुदामांत जड खोकीं उचलतांना कामगाराच्या खांद्याचा स्नायु फाटला, तर पुष्कळदां दुसऱ्या-तिसऱ्या दिवशींच त्याला एका परिचारिकेचा टेलिफोन येतो. ही बाई त्याच्या ओळखीची नसते. बहुधा ती त्याच्या गांवांतलीहि नसते. आपण नोंदणी झालेली परिचारिका आहों असें सांगून ती विचारूं लागते : दुखणें कोठपर्यंत जातें, रात्रीं झोंप लागते काय, डॉक्टरांनीं कोणत्या गोळ्या दिल्या, त्यांतल्या किती घेतल्या, घरांत हाताखालीं कोणी आहे काय? ऐकणाऱ्यास वाटतें कीं कोणी तरी मायेनें चौकशी करीत आहे. आणि तें खोटें असतेंच असें नाहीं. परंतु या बाईचा मेहनताना विमा कंपनीकडून किंवा मालकाकडून येतो, आणि त्या खांद्याचा खर्चहि त्यांनाच सोसावयाचा असतो. या एका गोष्टीमुळें हा साधा संवाद विचार करण्याजोगा झाला आहे.

विमा कंपनीला मजुराच्या दुखण्यांत इतका रस कां, हें समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. एकोणिसाव्या शतकांत यंत्रांत हात सांपडलेल्या मजुरानें भरपाई मागावयाची, तर मालकाची चूक कोर्टांत सिद्ध करावी लागे. ज्याची रोजी बुडाली त्यानें वकील कोठून आणावा? जर्मनींत बिस्मार्कच्या अमदानींत १८८४ सालीं व इंग्लंडांत १८९७ सालीं यावर कायदे झाले. न्यूयॉर्क राज्याचा १९१० सालचा कायदा तेथील वरिष्ठ न्यायालयानें २४ मार्च १९११ रोजीं घटनाबाह्य ठरविला. आणि दुसऱ्याच दिवशीं न्यूयॉर्क शहरांतील ट्रायँगल नांवाच्या कपड्यांच्या कारखान्यास आग लागून १४६ माणसें मृत्यु पावलीं. त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. त्याच वर्षीं विस्कॉन्सिन राज्यानें केलेला कायदा मात्र टिकला, आणि १९४८ सालीं मिसिसिपी हें शेवटचें राज्य या वाटेला लागलें. हिंदुस्थानांत हेंच तत्त्व १९२३ च्या कायद्यानें आलें. १ जुलै १९२४ पासून तो अंमलांत आला, आणि पुढें २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत सामावला गेला.

या सर्व कायद्यांच्या मुळाशीं एक सौदा आहे. अमेरिकन कामगारानें मालकावर फिर्याद करण्याचा हक्क सोडावयाचा. मालकानें किंवा त्याच्या विमा कंपनीनें, चूक कोणाची हें न विचारतां, औषधोपचाराचा खर्च आणि काम बंद असेपर्यंत पगाराचा सुमारें दोन-तृतीयांश भाग द्यावयाचा. म्हणजे कामगार जितके दिवस घरीं, तितके दिवस कंपनीची थैली उघडी. त्याला लवकर बरें करणें हा परोपकार नसून हिशेब आहे. आणि हिशेब म्हणून तो वाईटहि नाहीं.

विम्याच्या पैशानें परिचारिका पाठविण्याची चालहि नवी नाहीं. १९०९ सालीं मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीनें लिलियन वॉल्ड या थोर परिचारिकेच्या सूचनेवरून आपल्या गरीब विमेदारांच्या घरीं परिचारिका पाठविण्यास आरंभ केला. तें काम १९५३ पर्यंत चाललें. तेव्हांची परिचारिका जिना चढून यावयाची, अंथरूण पहावयाची, मुलांस काय खावयास मिळतें तेंहि पहावयाची. आतां दारांत यावयाचें तें काम तारेवरून होतें.

या परिचारिकेचें खरें कौशल्य गोड बोलण्यांत नाहीं. ती तिघांशीं बोलते : कामगाराशीं, त्याच्या डॉक्टरांशीं व मालकाशीं. हे तिघे एकमेकांशीं क्वचितच बोलतात. डॉक्टर लिहितात, ‘दहा पौंडांवर वजन उचलूं नये.’ मालक त्याचा अर्थ करतो, ‘हा कामाचा नाहीं.’ कामगार समजतो कीं नोकरी गेली. मधल्यामध्यें शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामाच्या मंजुरीचा कागद कोणाच्या तरी टेबलावर पडून राहतो. खांदा मात्र मंजुरीची वाट पाहत नाहीं; हालचाल न झाल्यास तो आंखडतो, आणि मग सहा आठवड्यांचें काम सहा महिन्यांवर जातें. चांगली परिचारिका तो कागद शोधून काढते, व्यायामाची तारीख ठरविते, आणि मालकास विचारते कीं तितके दिवस याला बसून करण्याजोगें, पावत्या तपासण्यासारखें कांहीं काम देतां येईल काय. अशा वेळीं तिच्या एका टेलिफोनचें मोल मोठें असतें.

गोळ्यांचा प्रश्नहि असाच. १९९० नंतरच्या काळांत अमेरिकेंत अफूच्या जातीचीं वेदनाशामक औषधें साध्या पाठदुखीलाहि सढळ हातानें दिलीं जाऊं लागलीं. भरपाई घेणाऱ्या कामगारांत या औषधांमुळें मृत्यु होत आहेत, हें वॉशिंग्टन राज्याच्या कामगार-खात्यांतील डॉक्टरांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलें. ‘कालपासून किती घेतल्या?’ हा साधा प्रश्न वेळेवर विचारणारें कोणी असणें, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु टेलिफोनला डोळे नसतात. सूज, जखमेचा रंग, हात वर करतांना ओठ आवळले जाणें, हें तिला दिसत नाहीं. म्हणून भाजलेल्या, कणा मोडलेल्या किंवा अवयव गमावलेल्या माणसाकडे प्रत्यक्ष जाणारी परिचारिका नेमतात. शिवाय रोगी ज्या राज्यांत असेल तेथें चालणारा परवाना परिचारिकेपाशीं असावा लागतो; त्यासाठीं २००० सालापासून अनेक राज्यांनीं आपसांत करार करून एकमेकांचे परवाने मान्य केले आहेत. अमेरिकन विमा कंपन्यांचें पुष्कळसें कागदी काम पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत चालतें खरें. पण हें बोलणें तसा परवाना असलेलीच करूं शकते, आणि तें योग्यच आहे.

खरी अडचण निराळीच आहे. तिनें जें ऐकलें तें टिपणांत उतरतें, आणि तें टिपण दावा पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे जातें. वैद्यकीय गुप्ततेच्या तेथील नियमांनींहि कामगार-भरपाईसाठीं एक वाट मोकळी ठेवली आहे. भला माणूस सकाळीं ‘कसें काय?’ या प्रश्नाला ‘बरें आहे’ असें उत्तर देतो. हा शिष्टाचार झाला. कागदावर मात्र त्याची ‘प्रकृतींत सुधारणा’ होते, आणि पुढें पगाराचा भाग बंद करतांना तेंच वाक्य काढून दाखवितां येतें. म्हणून जाणती परिचारिका पहिल्याच वाक्यांत सांगते कीं आपण कोणाकडून बोलत आहों आणि हें बोलणें कोण वाचणार आहे. तपासणीच्या खोलींत विम्याकडील परिचारिकेस येऊं न देण्याचा हक्क कांहीं राज्यांत कामगारास आहे; तोहि ती लपवून ठेवीत नाहीं.

बराच काळ कंपनीचें हित आणि खांद्याचें हित एकाच रस्त्यानें चालतें. खांदा बरा झाला कीं दोघांचेंहि भागतें. फाटा फुटतो तो खांदा पुरता बरा होणार नाहीं असें दिसूं लागल्यावर. तेथें कंपनीला प्रकरण मिटवावयाची घाई असते. कामगाराला मात्र पुढच्या वीस वर्षांची भाकरी दिसत असते. त्या वेळीं ‘आतां कामावर पाठवाच’ म्हणून डॉक्टरांच्या मागें लागणारी बाई परिचारिका राहत नाहीं. ती वसुलीची कारकून होते. उलट जी डॉक्टरांचें म्हणणें आहे तसें लिहिते, खांदा किती उचलतो तें मोजून घ्यावयास सांगते, आणि दुसऱ्या तज्ज्ञाचें मत मागतां येत असल्यास तें कामगाराच्या कानावर घालते, ती कंपनीची चाकर असूनहि आपल्या धंद्याशीं इमान राखते. तिचें नांव निकालाच्या कागदावर कोठेंच नसतें. भरपाईचा आंकडा दुसरेच ठरवितात. मात्र तो ठरवितांना त्यांच्यापुढें जें टिपण असतें, तें तिच्या हातचें असतें.