मातृभाषेचा रकाना



तंजावर, कुंभकोणम्, ओरत्तनाडू या कावेरीकाठच्या पट्ट्यात व्यंकोजीराजांच्या काळापासून वसलेल्या आम्हा मराठी कुटुंबांत आता तमिळ जावई आणि तमिळ सुना नांदत आहेत. त्यात नवल नाही. अडचण उभी राहते ती अर्ज भरताना. मुलाची जात कोणती लिहावी? आणि मातृभाषा?

केंद्र सरकारच्या नोकरीत अर्ज तपासण्यातच आमची हयात गेली, म्हणून सांगतो. हे दोन रकाने एका नियमाने चालत नाहीत. जात पित्याची, असे गृहीत धरले जाते. परंतु ते गृहीत अंतिम नव्हे, मूल कोणत्या समाजात व कसे वाढले हेही पाहिले पाहिजे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिला. मातृभाषेच्या रकान्यात मात्र पित्याला जागाच नाही. बालपणी आई मुलाशी जी भाषा बोलली ती मातृभाषा, अशी जनगणनेची व्याख्या आहे. सबब, तमिळ पित्याचे आद्याक्षर लावणारा मुलगाही मराठी भाषिक ठरू शकतो. पित्याची तमिळ 'इतर अवगत भाषा' या रकान्यात मानाने बसते.

पण व्याख्या दुधारी आहे! आमच्या लेकीच बाळाशी तमिळ बोलत असतील, तर आडनाव भोसले असले तरी तेथे मराठी लिहिणे असत्य होय.

२०२७ च्या जनगणनेत जातही विचारली जाणार आहे. प्रगणक दारी येईल तेव्हा कर्त्या पुरुषाने परस्पर उत्तरे देऊ नयेत. मुलाच्या आईस पुढे बसवावे.