हाड मोडल्यावर पहिली घटका
(ट्रस्टच्या महोत्सवप्रसंगी बोरगाव येथे दिलेले व्याख्यान)



आपला मुलूख संत्र्यांचा. झाडावरून पडणे आपल्याला नवे नाही. शिवाय पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीवर गोटमार होते. तेथे दरसाल माणसे जखमी होतात. म्हणून आज हाडांविषयी चार शब्द बोलतो.

हात हलतो म्हणजे हाड शाबूत, ही समजूत खोटी आहे. चिरलेल्या हाडाचा हातही हलतो. सूज, वाकडेपणा, बोट ठेवताच एका ठिकाणी उठणारी कळ, ही लक्षणे दिसली की ‘नुसते मुरगळले’ म्हणून तेल चोळीत बसू नये.

१८९५ साली राँटगेन ह्या जर्मन शास्त्रज्ञाने क्ष-किरण शोधले. ते मांसातून सहज पार होतात, हाडातील चुना त्यांना अडवितो. म्हणून छायाचित्रात हाड पांढरे उमटते आणि मोड बहुधा काळ्या रेषेसारखी दिसते. लाकडाची चीर एका बाजूने दिसते, दुसऱ्या बाजूने दिसत नाही; त्यासाठी समोरून व बाजूने अशी निदान दोन चित्रे काढतात. मुलांचे हाड ओल्या फांदीसारखे वाकून एकाच अंगाने तडकते. मनगटातील अंगठ्याकडच्या लहान हाडाची चीर तर कधी पहिल्या चित्रात दिसतच नाही. दुखणे राहिले तर दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा चित्र काढावे लागते.

दवाखाना गाठेपर्यंत काय करावे? ओढू नये, चोळू नये. अवयव आहे त्याच स्थितीत, कापूस घालून, फळीला बांधावा. वरचा व खालचा सांधा त्यात यावा. जखमेतून हाड बाहेर आले असेल तर आत ढकलू नये. स्वच्छ कापड झाकावे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कामट्यांची पट्टी करकचून आवळली की रक्त अडते आणि काही तासांत मांस मरू लागते. मोडलेले हाड सांधता येते, मेलेला हात परत येत नाही. बोटे गार, निळी किंवा बधिर पडली, बोट सरळ करताना कळ सोसवेना, तर पट्टी तत्काळ सैल करावी. प्लास्टर असेल तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा. पट्टी बांधणाऱ्याला वाईट वाटेल, ही भीड धरू नये.

एवढे घरोघरी सांगा, हीच विनंती.