तिओ आणि मामू



'मुस्लिम व्होट बँक' म्हटलं की आपण चिडतो. रत्नागिरीचा खलाशी, भिवंडीचा यंत्रमाग कामगार आणि बीडचा बागवान एकाच डब्यात कसे बसणार? कामानिमित्त टेक्सासला होतो, तेव्हा 'लॅटिनो व्होट' या शब्दावर अगदी हाच राग ऐकला.

पोर्तो रिकोचा माणूस १९१७च्या कायद्यापासून अमेरिकेचा नागरिक. क्युबातून आलेल्यांना १९६६च्या कायद्याने कायम राहण्याची वाट मोकळी करून दिली. मेक्सिकोच्या मजुराला असं काही नाही. आणि दक्षिण टेक्सासमधली काही घराणी कुठून आलीच नाहीत; १८४८च्या तहाने सीमाच त्यांच्या पलीकडे सरकली. १९८०च्या जनगणनेने या सगळ्यांना देशभर एकाच रकान्यात बसवलं.

सीमेवरच्या स्टार काउंटीत ९५ टक्क्यांहून जास्त लोक या रकान्यातले. २०१६ मध्ये तिथे हिलरी क्लिंटन यांना ७९ टक्के मतं होती. २०२४ मध्ये ट्रम्प जिंकले. रिपब्लिकन उमेदवार तिथे जिंकला तो १८९२ नंतर पहिल्यांदा!

माझी एक सहकारी त्याच भागातली. तिचे काका, म्हणजे तिओ, तेलविहिरीवर कामाला. त्यांनी ट्रम्पना मत दिलं. "आपल्याच लोकांविरुद्ध?" असं तिने विचारलं. ते म्हणाले, "आपले कोण? सीमेवर गस्त घालणारा तुझा मावसभाऊ, की काल नदी ओलांडून आलेला?" तिने फोन ठेवला, तो कित्येक महिने उचलला नाही.

ब्रुकमन आणि काला या दोन अभ्यासकांचा मायामीतला प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दारोदार जाऊन ट्रान्स व्यक्तींविषयी दहा मिनिटं बोलायचं. पण उपदेश नाही. 'तुम्हाला कुणी वेगळं म्हणून तुच्छ लेखलं होतं का?' असं विचारायचं आणि ऐकायचं. तीन महिन्यांनीही फरक टिकला होता. अर्थात ती दारं अनोळखी होती. नात्यात जुने हिशेब असतात, तिथे दहा मिनिटं कुठली पुरायला.

माझे मामू ज्या पक्षाला मत देतात, तो मला सहन होत नाही. ते ग्रुपवर काही टाकायचे, मी लगेच पुराव्याची लिंक टाकायचो. बग दिसला की फिक्स, ही आमची सवय! एक दिवस ते ग्रुप सोडून गेले. ईदला मामी म्हणाली, "तू त्यांना पोरांसमोर खोटं पाडतोस."

मग एकदा लिंक न देता विचारलं, "मामू, तुम्ही हे कधी ठरवलंत?" ते दुकानावरच्या कारवाईबद्दल बोलले. कुणीच आलं नव्हतं तेव्हा. एकच कार्यकर्ता आला, तो त्या पक्षाचा. मला हे ठाऊकच नव्हतं, आणि त्या वर्षी मी पुण्यातच होतो.

त्यांचं मत बदललेलं नाही, माझंही नाही. परवा त्यांनी स्वतःहून फोन केला. बोअरची मोटर कुठली घ्यावी, एवढंच विचारायला.